चेकनट

मुलींचे वसतिगृह,
रविवार, ७ जुलै २०२४

प्रिय दादा,

पत्र बघून घाबरू नकोस. (घाबरला असशीलच. पाकीट फोडायच्या आधी उलटंपालटं करून पाहिलं असशील.) सगळं ठीक आहे. इथे मोबाइल चालत नाही, आणि रविवारी वसतिगृहाच्या बाईंच्या फोनसमोर एवढ्या मुली उभ्या असतात की माझी पाळी आल्यावर 'जेवलास का' एवढंच विचारून होतं. म्हणून लिहिते आहे.

काम आहे. इंग्रजीच्या साधना मॅडमनी आम्हा दहावीच्या मुलींना एक प्रकल्प दिलाय. असा एक इंग्रजी शब्द निवडायचा, जो इंग्रजी न येणारी माणसंसुद्धा रोज वापरतात. कोण कुठे कशासाठी वापरतं ते गोळा करायचं. शब्दकोश उघडायचा नाही, माणसांना विचारायचं. मी 'चेक' घेतला. हा शब्द ऐकला की मला तूच दिसतोस. दप्तर भरून झालं की ते रिकामं करून परत भरणारा.

आतापर्यंत जमलेलं असं : मॅडम वह्या चेक करतात. रविवारी बाई आमचे केस चेक करतात, म्हणजे उवा शोधतात. दवाखान्यात अण्णांचा बीपी चेक होतो. बँकेतला चेक सगळ्याच लिहिणार, त्यात काय मजा? तुझ्या कंपनीत हा शब्द कसा वापरतात ते कळव.

आई भेटायला आली होती. म्हणाली, "कसं करायलंय की लेकरू. गणपतीपर्यंत शिकाऊपण संपतंय म्हणे, मग पक्कं घेतेत. या बारीला तरी टिकू दे." मी म्हटलं, टिकेल. टिकशील ना?

तुझी,
करिष्मा


महाळुंगे,
गुरुवार, १८ जुलै २०२४

प्रिय करिष्मा,

तुझं पत्र मिळालं. इकडे कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते, म्हणून आज हात धुऊन लिहायला बसलो आहे. तू 'वसतिगृह' बरोबर लिहिलंस. इथे एका पाटीवर 'वसतीगृह' आहे. मी रोज बसमधून ते बघतो आणि मला रोज त्रास होतो.

आता तुझा शब्द. दिवस गेटवर सुरू होतो. तिथे खंडू वॉचमन आमचं चेकिंग करतो. म्हणजे डबा उघडायला लावतो आणि भाजी कोणती ते बघतो. वांगं असेल तर जास्त वेळ बघतो. पीएमटीमध्ये चेकर चढला की तिकीट असलेली माणसंसुद्धा खिसे चाचपतात. चाकणच्या कांदा मार्केटात 'माल चेक केला' म्हणजे व्यापाऱ्याने ढिगाच्या पोटात कोपरापर्यंत हात घातला. घरमालकीण शालनबाईंचा मुलगा चेक्सचेच शर्ट घालतो. गावजेवण असलं की मांडवात एक जण सकाळपासून 'माइक चेक, माइक चेक' म्हणत राहतो. पुढे कोणी भाषण करतच नाही.

आमचे लाइन लीडर रोहिदासभाऊ इथल्याच गावचे. ते 'चेक मार' म्हणाले तर जाऊन बघायचं, 'चेक झालं?' म्हणाले तर काम संपलं का असं विचारतात, आणि 'त्याच्यावर चेक ठेव' म्हणाले तर त्या माणसाचं काही खरं नाही.

आणि एक तुला कोणाकडे मिळणार नाही : चेकनट. आम्ही गाडीच्या स्टिअरिंगचे दांडे जोडतो. दांड्याच्या टोकाला एक तुकडा आट्यांवर चढवतात. गाडीच्या हादऱ्यांनी तो फिरू नये, म्हणून त्याला मागून टेकवून एक नट घट्ट आवळतात. तो चेकनट. त्याने ओढायचं नसतं, ढकलायचं नसतं. फक्त टेकून राहायचं, म्हणजे पुढचा ढळत नाही.

तो आवळायचं काम माझं. पान्यावर जोर ठरवून ठेवलेला असतो. तेवढा जोर लागला की पाना 'टिक' वाजतो. मग त्यावर पिवळ्या रंगाचा एक ठिपका ठेवायचा आणि दांडा पुढे द्यायचा. पुढे पिंकी म्हणून मुलगी आहे, परभणीकडची. ती हाताने हलवून बघते आणि पांढरा ठिपका ठेवते. दोन ठिपके पडले की दांडा पेटीत.

काम उत्तम चालू आहे. आईला सांग, काळजी नसावी.

तुझा दादा,
समर्थ


मुलींचे वसतिगृह,
रविवार, २८ जुलै २०२४

प्रिय दादा,

चेकनट वाचून मॅडम एवढ्या खूश झाल्या की त्यांनी तुझं पत्र वर्गात वाचलं. खंडूच्या वांग्याला सगळ्या हसल्या. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

मी प्रकल्पात आपल्या ओढ्यावरचा चेकडॅम घातला. तिथे चेक म्हणजे बघणं नाही, अडवणं. मी मॅडमना विचारलं, एकाच शब्दात बघणंही आणि अडवणंही कसं? तर त्या म्हणाल्या की हा शब्द बुद्धिबळाच्या पटावरून आलाय. फारसीतला शाह, म्हणजे राजा. तो फिरत फिरत इंग्रजीत गेला आणि 'चेक' झाला, आपल्याकडे आला तो 'शह' झाला. म्हणजे शह आणि चेक चुलत भाऊ. राजाला शह बसला की खेळणाऱ्याला बाकी सगळं सोडून आधी तिकडेच बघावं लागतं. शह सोडवल्याशिवाय दुसरी कुठलीच चाल करता येत नाही.

हे ऐकताना मला तुझा आयटीआय आठवला. आता खरं सांग. तुझ्या पत्रातल्या सगळ्या वेलांट्या दोनदा गिरवलेल्या आहेत. कागद उलटा धरला तर बोटाला लागतात. आणि पाकिटावर पिनकोड पुढेही आहे, मागेही आहे. प्रॅक्टिकलला तू तो लोखंडी तुकडा मोजत बसलास, मोजत बसलास आणि वेळ संपली. तुकडा बरोबर होता, फक्त तू तो दिला नाहीस. तसं काही चाललेलं नाही ना?

करिष्मा


महाळुंगे,
गुरुवार, १ ऑगस्ट २०२४

प्रिय करिष्मा,

वेलांट्यांचं म्हणशील तर तो पेनाचा दोष आहे. शाई अडखळते. पिनकोड मागे लिहिला, कारण पुढचा पावसात पुसला तर अडचण नको.

तसं काही चाललेलं नाही. थोडी गंमत सांगतो. मी खोलीला कुलूप लावून निघालो की कोपऱ्यापर्यंत जातो आणि मला वाटतं, लागलं की नाही? परत येऊन ओढून बघतो. परवा शालनबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "आरं, कोयंडा निखळंल त्यो! हाय काय तुझ्या खोलीत? एक बादली न् एक चटई. चोर आला तर त्योच काहीतरी ठिवून जाईल." मी म्हटलं, आजी, गॅसपण आहे. तर म्हणाल्या, "व्हय, त्यो पन तू दोनदा बंद करतूस. मला भिंतीपलीकडं ऐकू येतं."

त्या दिवशी कंपनीची बस चुकली. त्यांच्या मुलाने गाडीवर सोडलं.

लाइनवर पिंकी जरा तिरसट बोलते. मी दांडा पुढे देतो आणि कधी कधी परत मागून घेतो, एवढंच. ती म्हणते, "घे बाबा, घे. नांदायला पाठवलेली पोरगी रोज परत आणतोस तू." रोहिदासभाऊही म्हणाले, "भावा, तुला नट आवळायला ठेवलाय, नटाशी लगीन लावायला न्हाई." सगळे हसले, मीही हसलो.

स्टिअरिंगचं काम आहे. ज्याच्या हातात चाक असतं त्याला माझा नट दिसत नाही. तो तसाच गाडी पळवतो. मग कोणीतरी दोनदा बघितलं तर बिघडलं कुठे?

समर्थ


मुलींचे वसतिगृह,
रविवार, ११ ऑगस्ट २०२४

प्रिय दादा,

सोबत राखी आहे. लोकरीची आहे, मीच विणली. वेळेवर पोचावी म्हणून घाईत लिहिते.

पिंकीबद्दल वाचलं. माझ्या मैत्रिणींनीही वाचलं. त्यांचं एकमत झालंय की मुलगा पुन्हा पुन्हा दांडा परत मागतो म्हणजे त्याला दांडा नको असतो. इकडे सगळ्या तिला आता पिंकीवहिनी म्हणायला लागल्यात! लाजू नकोस. तिला आमचा शब्द सांगितलास का? ती परभणीत 'चेक' कशाला म्हणत होती ते विचार, तेवढंच बोलायला कारण.

तू म्हणतोस काही चाललेलं नाही, तर नाही. मी विश्वास ठेवला. गणपती जवळ आला, आता थोडेच दिवस.

तुझीच,
करिष्मा


महाळुंगे,
गुरुवार, २९ ऑगस्ट २०२४

प्रिय करिष्मा,

उशीर झाला. राखी मिळाली. शालनबाईंनी बांधली. मी त्यांना गाठ परत मारायला सांगितली.

तुझ्या मैत्रिणींना सांग, पिंकीला वहिनी म्हणू नका. ती माझ्याशी बोलत नाही, आणि तिचं बरोबर आहे.

मी तुला खोटं लिहिलं. काम उत्तम चालू नव्हतं. पाना टिक वाजायचा, मी ठिपका ठेवायचो, आणि हात सुटायच्या आत वाटायचं की टिक मागच्या दांड्याचा होता. मग परत आवळायचो. परत टिक. आणि आपण परत आवळलं हे लक्षात राहावं म्हणून पहिल्या ठिपक्याशेजारी दुसरा पिवळा ठिपका ठेवायचो. सगळ्या दांड्यांवर नाही. ज्यांची शंका आली त्यांच्यावर. हळूहळू बहुतेकांची शंका यायला लागली.

मला वाटायचं, एक ठिपका चांगला तर दोन जास्त चांगले. पण ज्या गाडीकंपनीला आमचा माल जातो, तिथे दोन पिवळ्या ठिपक्यांचा अर्थ ठरलेला आहे. दांडा एकदा बिघडला होता, खोलून पुन्हा जोडला. असा दांडा वेगळ्या पेटीत, वेगळ्या चिठ्ठीसह जातो. चिठ्ठी नाही आणि पेटीभर दोन-दोन ठिपके, म्हटल्यावर त्यांनी अख्खा ट्रक परत पाठवला. आणि वर आमच्या इंजिनिअरने मोजून सांगितलं की दोनदा आवळलेले काही नट प्रमाणाबाहेर ताणले गेलेत. म्हणजे त्यांना इजा मीच केली. चेक करूनच.

पिंकीलाही बोलणी बसली. दोन पिवळे ठिपके दिसत असताना तिने पांढरा कसा ठेवला? तिला वाटलं होतं, रोहिदासभाऊंनीच मला तसं करायला सांगितलं असेल. जेवणाच्या सुट्टीत ती माझ्यापाशी आली. मला वाटलं, भांडेल. ती हळूच म्हणाली, "तुला तुझ्यावर भरवसा नव्हता तर मी पुढे उभी होते ना? मग मी काय तिथं शोभेला उभी होते?"



आता मला लाइनवरून काढलंय. परत आलेले दांडे खोलायचे आणि खराब नट वेगळे करायचे, हे काम दिलंय. रोहिदासभाऊ म्हणाले, "विसर्जनानंतर सांगतो तुझं काय ते. वरून दाबाव हाय, राव. मी खोटं न्हाई बोलत." शिकाऊपण तेव्हाच संपतंय. पक्कं नाही केलं तर खोली सोडावी लागेल आणि गावी यावं लागेल. आयटीआयही गेला, आता हेही. अण्णा काही बोलणार नाहीत. न बोलता बघतील. मला ते नको आहे.

आईला सांगू नकोस.

समर्थ

हे पत्र मी तीन वेळा लिहिलं. हे तिसरं आहे.


मुलींचे वसतिगृह,
रविवार, ८ सप्टेंबर २०२४

दादा,

आधी रागावून घेते. माझ्या पिंकीवहिनीच्या थट्टेवर तू इतके दिवस गप्प कसा बसलास? मी हसत होते आणि तू तिकडे एकटा होतास. मला फार लागलं ते.

झालं रागावून.

आईला सांगितलं नाही. पण काल ती गणपतीचे मोदक घेऊन आली, तेव्हा तुझं पत्र माझ्या उशीखाली होतं. तिने ते हातात घेतलं. वाचता येत नाही तिला, तुला माहीत आहे. मागच्या बाजूने बोट फिरवलं आणि म्हणाली, "लई दाबून लिवलंय. लेकराचा जीव थाऱ्यावर न्हाई." मग मोदक मोजून... नाही, मोजले नाहीत, सगळेच मला दिले. जाताना म्हणाली, "त्येला म्हणावं, आला तरी भाकर हाय, न्हाई आला तरी हाय." निरोप पोचवला.

मला तुझ्या यंत्रातलं काही कळत नाही. मला पिंकीचं बोलणं तेवढं कळलं, कारण तू माझंही तेच करतोस. मी आठवीत असताना माझी गणितं तू तपासायचास. मी सोडवलेली, बाईंनी बरोबर दिलेली. मी तुझ्यावर चिडायचे आणि तुला वाटायचं, तू प्रेम करतोयस. करत होतासच, रे. पण मला कधी वाटलं नाही की दादाने आपलं काही पाहून 'बरंय' म्हणून खाली ठेवलं.

एक मागणं आहे. काही झालं तरी विसर्जनाआधी बॅग भरून निघू नकोस. त्यांना 'नाही' म्हणू दे. त्यांच्या आधी तू म्हणू नकोस. तो लोखंडी तुकडा आठव. या वेळी देऊन ये.

करिष्मा


महाळुंगे

प्रिय करिष्मा,

आईचा निरोप मिळाला. तो वाचून मी जरा वेळ बाहेर जाऊन उभा राहिलो.

आता झालं ते सांगतो. विसर्जनाच्या आधी ट्रकमधले दांडे खोलून संपले. दुसऱ्या दिवशी रोहिदासभाऊंनी मला लाइनवर बोलावलं. मला वाटलं, पाना हातात देतील. त्यांनी पाना पिंकीला दिला आणि मला तिच्या जागी उभं केलं. माझ्या हातात पांढऱ्या रंगाचं पेन. म्हणाले, "हाताने हलवून बघायचं. न्हाई हललं, ठिपका ठिव. पाना मागायचा न्हाई. ती जे दील ते घ्यायचं."

पहिले काही दांडे माझ्याकडे साचले. हलत नव्हते, तरी मी धरून उभा. मग माझ्या लक्षात एक गोष्ट आली. पिंकी आवळायची, टिक वाजायचा, ठिपका ठेवायची आणि पुढचा दांडा उचलायची. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं नाही. एकदाही नाही. ज्या मुलाने तिला बोलणी खायला लावली, त्याच्या हातात ती आपलं काम देत होती आणि बघतसुद्धा नव्हती. मला आधी वाटलं, राग आहे. मग कळलं, राग असता तर तिने बघितलं असतं.

मला असं कोणी कधी काही दिलं नव्हतं. की दिलं होतं आणि मला कळलं नव्हतं, कोण जाणे. मी पांढरे ठिपके ठेवायला लागलो. साचलेले दांडे संपले.

विसर्जनानंतर परत अदलाबदल झाली. पाना माझ्याकडे. टिक वाजला, ठिपका ठेवला, आणि हात सुटेना. पिंकी तिकडून म्हणाली, "सोड." मी म्हटलं, एकदाच. ती म्हणाली, "समर्थ, सोड. आता ते माझंय." मी सोडलं. पुढचा दांडा उचलेपर्यंत नजर त्यावरच होती. पण दांडा गेला. मग पुढचा गेला. संध्याकाळी पेटीतल्या दांड्यांवर एक पिवळा, एक पांढरा असे ठिपके होते. मी मोजले नाहीत.

रोहिदासभाऊंनी शिकाऊपण वाढवून घेतलंय. पक्कं अजून नाही. म्हणाले, "वरच्यांना म्हटलं, चुकला त्यो काळजीनं, आळसानं न्हाई. आळशाला मी काढला असता. आता मला तोंडघशी पाडू नगंस म्हंजे झालं." आईला हे सगळं सांगितलंस तरी चालेल. तिला तसंही कळलंच आहे.

मी शालनबाईंनाही सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "एवढंच व्हय? मंग सकाळी एकदा वढ कुलूप आन् मला सांग. पुढं दिसभर ते माझं." आता मी निघताना कुलूप ओढतो आणि 'आजी, लागलं' म्हणतो. त्या ओट्यावरून ओरडतात, "लागलं रं! जा!" आता गल्लीतली पोरंपण ओरडतात. कोपऱ्यावर पाय अजून थबकतो. मग सगळ्यांचं ते 'जा' ऐकू येतं आणि लाज वाटून चालायला लागतो.

पिंकीला तुझा शब्द विचारला. त्यांच्या शाळेत दुपारच्या खिचडीत मीठ बरोबर आहे का ते बघायला एका मुलाला आधी खायला द्यायचे. त्याला 'चेकर' म्हणायचे. ती चेकर होती. म्हणाली, "सगळ्यांच्या आधी जेवायला मिळायचं, अजून काय पाहिजे?" तुझा प्रकल्प झाला नसेल तर हे घाल.

आता एक सांगतो. हे पत्र मी एकदाच लिहिलं आहे आणि परत वाचणार नाही. आज पेटीत टाकायचं म्हणजे टाकायचं. खूप चूक झाली असेल असं वाटतंय. काय असेल ते तू बघ. पुढे तू उभी आहेस.

तुझा दादा,
समर्थ


मुलींचे वसतिगृह,
रविवार, ६ ऑक्टोबर २०२४

प्रिय दादा,

पत्र मिळालं. वेलांट्या कागदामागे लागत नाहीत. पिनकोड एकाच बाजूला होता, तरी पोचलं.

प्रकल्प देऊन झाला होता. मी मॅडमकडे परत मागितला आणि खिचडीचा चेकर शेवटच्या पानावर घातला. मॅडमनी विचारलं, हे कोणी सांगितलं? मी सांगितलं, दादाच्या पुढे उभी राहते ती.

आईला पत्र दाखवलं. तिने मागून बोट फिरवलं आणि पदराने डोळे पुसत हसली.

आणि तू म्हणालास म्हणून बघितलं. एक चूक आहे. तू तारीख टाकायला विसरलास. आयुष्यात पहिल्यांदा. मी पाकिटावरच्या शिक्क्यावरून टाकू शकले असते, पण नाही टाकली. तशीच राहू दे.

तुझ्या पत्राच्या कोपऱ्यात खडूने एक पांढरा ठिपका ठेवलाय. आता ते पत्र माझं.

करिष्मा